घोडा कुणाचा?

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात बॅडमिंटन नावाची एक जुनी जहागीर आहे. हो, शटलकॉकच्या खेळाला जिचं नाव मिळालं तीच. ड्यूक ऑफ बोफर्टच्या या जहागिरीत १९४९ सालापासून घोडेस्वारांची एक स्पर्धा भरत आली आहे. ल्यूसिंडा ग्रीन नावाच्या बाईंनी ती सहा वेळा जिंकली. आणि सहाही वेळा त्यांच्या मांडीखालचा घोडा वेगळा होता! १९७३ साली बी फेअर, १९७६ साली वाइड अवेक, मग जॉर्ज, किलेअर, रीगल रिअल्म आणि १९८४ साली बीगल बे.

यात एवढं थक्क होण्यासारखं काय आहे? त्यासाठी हा खेळ जरा जवळून पाहायला हवा.

खेळाचं नाव इव्हेंटिंग. तोच घोडा, तोच स्वार आणि तीन परीक्षा. पहिली ड्रेसाजची: ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद रिंगणात घोड्याने ठरलेल्या जागी वळायचं, तिरकं चालायचं, थबकायचं, आणि स्वाराने काय खूण केली, हे पाहणाऱ्याला कळतासुद्धा कामा नये. शेवटची शो जंपिंगची: इथे हलक्या दांड्यांवरून उड्या असतात आणि दांडी पडली की चार दंडगुण. या दोहोंच्या मधे असते क्रॉस-कंट्री, या खेळाचा प्राण. सहा किलोमीटरहून लांब वाट, वाटेत चाळीसच्या आसपास उड्या, आणि वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. इथले ओंडके, चर आणि कुंपणं भक्कम असतात; घोडा आदळला तर घोडाच पडणार. काही ठिकाणी थेट पाण्यात उडी घ्यायची.

आता खरं नवल ऐका. स्वार ही सगळी वाट आधी पायी फिरून, पावलं मोजून बघून आलेला असतो. घोड्याला मात्र ती आधी दाखवायची नाही, असा नियमच आहे! त्याच्यासाठी प्रत्येक अडथळा नवा. त्यात त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं. पण कपाळासमोरची आणि नाकाखालची जागा दिसत नाही. म्हणजे ज्या क्षणी झेप घ्यायची, नेमक्या त्याच क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड होतो. पुढचं पाणी किती खोल आहे, याची त्याला कल्पना नाही. तरीही अर्ध्या टनाचा, मुळात भित्रा, सावल्यांनाही बुजणारा हा प्राणी पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर झेप घेतो!

आणि त्याचं शरीर तरी कसं बनलंय! भरधाव दौडीत घोड्याचा श्वास टापांशी जखडलेला असतो: एका झेपेला एकच श्वास. उभा असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय दोनशेच्या वर जातं. विश्रांतीच्या वेळी तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत पडून असतो. दौड सुरू झाली की प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात सोडते. प्राणवायू वाहून नेणारी कुमक ऐन वेळी, आतल्या आत हजर!

पण हे शरीर आणि हा भरवसा घडवायला वर्षं लागतात. चार वर्षांच्या घोड्याला उड्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली, तर सर्वोच्च पातळीवर पोचेपर्यंत तो साधारण दहा वर्षांचा होतो. तोवर चारा, नाल, डॉक्टर, मोतद्दार, ने-आण करणारा ट्रक, सगळं चालूच. मधेच पायाची शीर दुखावली की वर्ष वाया. धावपटूला निदान अनवाणी तरी धावता येतं. इथे मुलीच्या अंगात कितीही गुण असोत, घोडा नसेल तर ते कुणाला दिसणारच नाहीत. मग तो घोडा आणायचा कुठून?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा आणि बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. आजच्या इव्हेंटिंगमध्येही हेच दोन रस्ते आहेत, आणि वरच्या फळीत बारगीरच जास्त. घोडा असतो कुणा उद्योगपतीचा, शेतकऱ्याचा, किंवा दहा जणांनी मिळून घेतलेला. ब्रिटनची राजकन्या अॅन १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये उतरली ती गुडविलवर, आणि गुडविल होता तिच्या आईचा, म्हणजे राणीचा. त्या दिवशी ती पडली, डोक्याला मार लागला, पुन्हा चढली आणि तिने वाट पुरी केली. अडथळ्याला काय, राजघराणं कळत नाही.

नियमांना मात्र एके काळी घराणं आणि हुद्दा दोन्ही नीट कळत. १९१२ साली स्टॉकहोममध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो लष्करी अधिकाऱ्यांच्या घोड्यांची कसोटी म्हणून, आणि पुढची कित्येक वर्षं तो अधिकाऱ्यांचाच राहिला. हा नियम किती कडक असावा? ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची स्वतंत्र स्पर्धाही असते, आणि तिथेही तेव्हा हाच नियम होता. १९४८ साली ती स्पर्धा स्वीडनच्या संघाने जिंकून सुवर्ण मिळवलं. संघातला गेनॅल पेर्सॉन होता सार्जंट. खेळांपुरतं त्याला अधिकारी केलं आणि नंतर पुन्हा सार्जंट. हे उघडकीला आलं आणि १९४९ साली अख्ख्या संघाचं पदक काढून घेतलं! पुढच्या ऑलिंपिकपर्यंत नियम बदलला, साध्या शिपायांना आणि नागरिकांना दार उघडलं. १९५२ साली हेलसिंकीत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण कुणी जिंकलं? स्वीडनच्या त्याच तिघा स्वारांनी. पेर्सॉनचा हात तोच, बसणं तेच. बदलला होता तो फक्त कागद.

बायकांना इव्हेंटिंगमध्ये त्याहून जास्त थांबावं लागलं. शीला विलकॉक्स हिने १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं बॅडमिंटन जिंकलं, पुरुषांना मागे टाकून. तरी १९६० च्या रोम ऑलिंपिकचं दार तिला बंदच. १९६४ साली टोकियोत अमेरिकेची लाना द्यू पाँ पहिली उतरली आणि सांघिक रौप्य घेऊन परतली. तीही बड्या उद्योगपती घराण्यातली, हे इथे सांगायलाच हवं.

आता पुन्हा ल्यूसिंडाबाईंकडे. त्यांचे वडील मेजर जनरल. आई लॉर्ड लिनलिथगोंची मुलगी. होय, तेच लिनलिथगो, १९३९ साली इथल्या नेत्यांना न विचारता भारताला युद्धात ओढणारे व्हाइसरॉय! त्यांची ही नात. बी फेअर हा तिला पंधराव्या वाढदिवसाला मिळालेला घोडा. घराण्याचा आधार याहून स्पष्ट काय असणार?

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही, आणि म्हणूनच मला ही गोष्ट इतकी आवडते. एकाच घोड्यावर सहा वेळा जिंकली असती, तर घोडा थोर की बाई थोर, हे कोडं सुटलं नसतं. इथे नियतीनेच जणू प्रयोग मांडला: माणूस तोच ठेवला आणि घोडा दर वेळी बदलला. वाइड अवेक तर १९७६ साली जिंकल्यावर मानाची फेरी घालतानाच कोसळून गेला. पुढच्याच वर्षी ती जॉर्जवर बसून परत जिंकली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रीगल रिअल्मवर १९८२ साली जगज्जेतीही झाली. पहिला घोडा घराने दिला, हे खरंच. पण सहा वेगवेगळ्या स्वभावांच्या जनावरांनी ज्या हातांवर भरवसा टाकला, ते हात आजोबांच्या किताबातून आले नव्हते.

आणि ज्याच्याकडे घराणं नाही त्याचं काय? ऑलिव्हर टाउनएंडचे वडील यॉर्कशरमध्ये घरोघर दुधाचा रतीब घालत. घोड्यांची हौस मात्र घरात होती, आणि पैशापेक्षा ती कामी आली असावी असं मला वाटतं. २००९ साली त्याने एकाच वर्षात बॅडमिंटन आणि बर्ली या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, दोन वेगळ्या घोड्यांवर. पुढे २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळवलं. अशा मुलांची शिडी तबेल्यातून वर जाते. कुणा नामांकित स्वाराकडे राहायचं, लीद काढायची, खरारा करायचा आणि त्या बदल्यात शिकायचं. दुसऱ्यांचे हट्टी, अर्धवट शिकलेले घोडे सरळ करायचे. कुणी मालक ते पाहतो आणि एक बरा घोडा देऊन बघतो. या खेळातली ‘ओळख’ बहुतेक वेळा अशी कमावलेली असते. अर्थात ती टिकेलच असं नाही. मालकाला चांगली किंमत आली, की दहा वर्षं घडवलेला घोडा दुसऱ्याच्या पागेत.

भारतात ही शिडी लष्कराने उभारली. संस्थानांच्या घोडदळांतून, त्यांत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं पथकही आलं, १९५३ साली एकसष्टावी कॅव्हलरी उभी राहिली. तिथल्याच रघुबीरसिंग यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. हुद्दा दफादार. १९४८ च्या ऑलिंपिक नियमांनी त्यांना उतरूच दिलं नसतं! त्यानंतर पुढचं वैयक्तिक पदक यायला ३६ वर्षं लागली. २०१८ साली जकार्तात फवाद मिर्झाने रौप्य मिळवलं. बंगळुरूचा मुलगा, वडील घोड्यांचे डॉक्टर, पाठीशी एंबसी समूहाचे जितू विरवानी आणि घोडा सिन्यॉर मेडिकॉट. त्याच्यावर आधी जर्मनीची बेटिना हॉय बसत असे. दुसऱ्याच्या हाताखाली घडलेला घोडा आपला करून घेणं हेही एक कौशल्यच. त्याच जोडीने टोकियो ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि २३वं स्थान मिळवलं.

त्याच टोकियोत जर्मनीची यूलिया क्रायेव्हस्की इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली स्त्री ठरली, लाना द्यू पाँनंतर तब्बल ५७ वर्षांनी. आणि ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू हॉय एक रौप्य आणि एक कांस्य घेऊन गेले. त्यांचं वय होतं ६२! या खेळात विशीत घोडा मिळाला नाही, तर तो मिळवायला अजून चाळीस वर्षं असतात.