कार्ब्युरेटर बदलण्यापूर्वीं

शिरोली औद्योगिक वसाहतीचें नांव निघालें कीं ओतशाळांच्या भट्ट्या व इंजिनांचे सुटे भाग डोळ्यांपुढें उभे राहतात. गतवर्षीं पावसाळ्यानंतर त्याच बाजूच्या एका कारागिराच्या दुकानीं जाण्याचा प्रसंग आला. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचें गवत कापण्याचें यंत्र सुरू होऊन लगेच थांबत असे. कार्ब्युरेटर निकामी झाला असें समजून त्यांनीं नवा बसविला; आणि अधिक शक्ति मिळावी म्हणून तो मुद्दाम मोठ्या छिद्राचा घेतला. यंत्र दोन दिवस जोरांत चाललें व तिसऱ्या दिवशीं पिस्टन सिलिंडरांत घट्ट अडकला. कारागिरानें जुना कार्ब्युरेटर उघडून दाखविला. त्यांत कांहींच झिजलें नव्हतें. जेटच्या बारीक छिद्रांत शिळ्या पेट्रोलाचा राळेसारखा चिकटा तेवढा बसला होता. अर्ध्या तासाच्या सफाईचें काम नव्या पिस्टन-सिलिंडरावर गेलें. हें कसें घडलें, तें समजून घेणें विद्यार्थ्यांस व पालकांस सारखेंच उपयोगाचें आहे.

पेट्रोल द्रवरूपांत नीट जळत नाहीं. तें हवेंत मिसळावें लागतें. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. हें मिश्रण करणें हेंच कार्ब्युरेटरचें काम. त्याच्या मधोमध नळी अरुंद केलेली असते. व्हेंचुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला व्हेंचुरी म्हणतात. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नूली यानें १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. दाब उतरल्यामुळें जेटमधून पेट्रोल ओढलें जातें व तुषाररूपानें हवेंत मिसळतें.

आतां वरील चूक ध्यानांत येईल. इंजिन तेंच ठेवून नळी मोठी केली, तर तितकीच हवा रुंद जागेंतून सावकाश वाहते. दाब पुरेसा उतरत नाहीं, पेट्रोल कमी येतें व मिश्रण विरळ होतें. टू-स्ट्रोक यंत्रांत वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. म्हणून पेट्रोल कमी आलें कीं तेलही कमी येतें. उष्णता वाढते, वंगण घटतें आणि पिस्टन जागच्या जागीं धरतो.

दुसरी गोष्ट आपल्या उसाच्या जिल्ह्याशीं निगडित आहे. उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल तयार होतें. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आपल्या देशांत मिळूं लागलें. इथेनॉलास वजनानें सुमारे ९ भागच हवा लागते. म्हणून अशा मिश्र पेट्रोलास साडेतेरा भागांच्या आसपास हवा पुरते. जुन्या बेताच्या जेटमधून तें दिलें, तर मिश्रण किंचित् विरळ होतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि त्यासाठीं न बनविलेले रबरी भाग त्यानें खराब होऊं शकतात. खांद्यावरील यंत्र कामाच्या वेळीं तिरपें होत असल्यामुळें त्यांत फ्लोटऐवजीं लवचीक पडदा असतो. तो पडदा कडक झाला, तर पेट्रोलाचा पुरवठा बिघडतो.

तेव्हां कार्ब्युरेटर बदलण्यापूर्वीं पुढील क्रम पाळावा. प्रथम जुनें पेट्रोल काढून ताजें घालावें. टू-स्ट्रोक यंत्रांत तेलाचें प्रमाण यंत्राच्या पुस्तकाप्रमाणेंच असावें. ५० ला १ असें प्रमाण असेल, तर एका लिटरास २० मिलिलिटर तेल होतें. मग हवेची गाळणी, स्पार्क प्लग आणि पेट्रोलाची नळी तपासावी. त्यानंतरच कार्ब्युरेटर उघडून साफ करावा. जेटमध्यें तार घालूं नये, कारण छिद्र केसाएवढें वाढलें तरी मिश्रणाचें माप बदलतें. पडदा व गॅस्केट यांचा संच निराळा मिळतो. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. नवा कार्ब्युरेटर घेणेंच भाग पडलें, तर व्हेंचुरीचें माप, भोकांच्या जागा व गॅस्केट मूळच्याशीं ताडून पाहावीं. हंगाम संपल्यावर टांकी रिकामी करून उरलेलें पेट्रोल यंत्र चालवून संपवावें. हीं सर्व कामें उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि वडील माणसाच्या देखत करावींत.

त्या विद्यार्थ्यानें जुना कार्ब्युरेटर घरीं नेला आहे. कारागिरानें त्याला तो उघडून पुन्हां जोडावयास शिकविलें. निघतांना तो कारागीर इतकेंच म्हणाला, "गुरुजी, बदलणं सोपं असतं. आधी काय बिघडलंय ते शोधायला पोरांना शिकवा." बालमित्रहो, हा उपदेश केवळ यंत्रापुरता आहे असें मला वाटत नाहीं. गणितांतील चुकलेलें उत्तर खोडण्यापूर्वीं चूक कोणत्या पायरीवर झाली तें पाहावें, आणि रुसलेल्या मित्राशीं बोलणें सोडण्यापूर्वीं तो कां रुसला तें विचारावें. कारण सांपडलें म्हणजे उपाय बहुधा आपण समजतों त्याहून लहान असतो.