नाणेघाटातले आकडे आणि संख्येचा पाया

जुन्नरच्या पश्चिमेला, कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे किंवा पहिले शतक. यज्ञांत दिलेली दक्षिणा त्यात आकड्यांनी नोंदली आहे: १,७०० गाई, १०,००१ गाई, २४,४०० कार्षापण नाणी. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांचा उलगडा केला. भारतातील अंकलेखनाचा इतका समृद्ध आणि इतका जुना पुरावा दुर्मीळच.

जगातले सर्वांत जुने आकडे इथले, हा समज मात्र खरा नाही. इजिप्त आणि मेसोपोटेमियातील आकडे हजारो वर्षांनी जुने आहेत. भारतातही अशोकाच्या लेखांत थोडे आकडे आधी आलेले आहेत. नाणेघाटात शून्य आहे, हेही चूक. तिथे दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. २८९ लिहायला दोनशे, ऐंशी आणि नऊ अशी तीन चिन्हे लागतात. २४,४०० मध्ये हजाराच्या चिन्हाला वीस आणि चार जोडून वीस हजार व चार हजार होतात, शंभराला चार जोडून चारशे. रिकामी जागा उरतच नाही, म्हणून शून्याची गरज पडत नाही. शिलालेखातील शून्याचे प्रसिद्ध जुने उदाहरण ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या लेखात आहे.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. पाया दहा असला, म्हणजे दहा-दहाचे गठ्ठे करून मोजले, की स्थानिक किंमत, म्हणजे जागेनुसार बदलणारी अंकाची किंमत, आपोआप येते, असे अनेकांना वाटते. नाणेघाटात पाया दहाच आहे, पण स्थानिक किंमत नाही. उलट, बाबिलोनी लोकांचा पाया साठ होता आणि स्थानिक किंमतही होती.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की पाया बदलला की संख्येचे गुणधर्म बदलतात. २८९ हीच संख्या घ्यावी. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा २८९ आणे म्हणजे १८ रुपये १ आणा. रुपयांचेही सोळा-सोळाचे गठ्ठे केले, तर १ गठ्ठा, २ रुपये, १ आणा. म्हणजे सोळाच्या पायावर २८९ चे रूप १२१. उलटसुलट सारखे वाचले जाण्याचा गुण या रूपाला आहे, २८९ या रूपाला नाही. तो लेखनाचा गुण झाला. पूर्ण वर्ग असणे मात्र दोन्हीकडे टिकते: २८९ हा १७ चा वर्ग, आणि सोळाच्या पायावर १७ चे रूप ११ असल्याने १२१ हा तिथल्या ११ चा वर्ग.

याच्या उलट, अंक तेच ठेवून पाया बदलला तर संख्याच बदलते. दशमान पद्धतीत १०००१ ही संयुक्त संख्या आहे, ७३ गुणिले १३७. द्विमान पद्धतीत हेच पाच अंक १७ दाखवतात, आणि १७ मूळ संख्या आहे. राणीने दान दिलेल्या गाई अर्थातच पहिल्या अर्थाच्या.

शेवटचा अंक सम तर संख्या सम, हा शाळेत पाठ होणारा नियमही फक्त सम पायांना लागू पडतो. तीनच्या पायावर १७ चे रूप १२२, शेवटी २ असूनही संख्या विषम. तिथे अंकांची बेरीज पाहावी लागते: १, २ आणि २ मिळून ५, विषम. नऊने भाग जातो का हे अंकांच्या बेरजेवरून पाहण्याची युक्तीही दहाच्या पायाची आहे. सोळाच्या पायावर तीच युक्ती पंधराने भाग जातो का ते सांगते.