वज्री, अडकित्ता आणि चष्म्याचं दुकान

तळहातात मावेल एवढी पितळी वज्री. न्हाणीघरात टाचा घासायची वस्तू, म्हणून तळाला आडव्याउभ्या खाचांचा खरखरीतपणा. साबणाच्या पाण्यात, ओल्या कोपऱ्यात पडून राहणं हेच तिचं नशीब. तरीही घडवणाऱ्यानं तिच्या पाठीवर पक्षी बसवलेला असतो, आणि तोच धरून टाच घासायची. पुण्यात बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की माझा पाय सर्वांत आधी इथे अडतो. मग अडकित्ते. सुपारी कातरायला एक धारदार पातं आणि दाबायला दोन दांडे एवढंच पुरतं. पण इथे त्या दांड्यांचा कुठे पोपट झालाय, कुठे घोडा, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी.

हे सगळं ज्यांनी जमवलं ते दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्याचे व्यापारी होते. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविताही लिहायचे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मिळाले, त्यामागे एका मोठ्या उद्योगघराण्याची ताकद होती. केळकरांच्या मागे होतं एक दुकान आणि पत्नी कमलाबाईंची साथ. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या. चाळीस वर्षांत पंधरा हजार, म्हणजे सरासरीनं रोज एक वस्तू घरी येत होती असं म्हणायला हरकत नाही. ज्या घरात हे घडत होतं त्या घरातल्या बाईच्या सोशिकपणाचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही.

केळकरांची नजर वेगळी होती, ती वस्तूंच्या निवडीत दिसते. त्या काळी जपून ठेवण्याजोगं म्हणजे नाणी, शस्त्रं, ताम्रपट, राजेरजवाड्यांची चित्रं. केळकरांनी शस्त्रंही घेतली, पण त्यांचा जीव रमला तो समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, दौती, फण्या, गंजिफा, वाड्यांचे कोरीव दरवाजे यांत. गावोगाव फिरून कथा सांगणाऱ्या चित्रकथींची पैठणी शैलीतली चित्रं त्यांनी मिळवली. रावण असो की भीम, सगळे मोठाल्या डोळ्यांचे, कागदभर पसरलेले. दिव्यांवर त्यांचं विशेष प्रेम होतं आणि भारतातल्या दिव्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

या वस्तू नाहीशा व्हायला लढाई किंवा लूट लागत नव्हती. वीज आली, समई फळीवर गेली. स्टील आलं, तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली आणि वजनावर गेली. आमच्याही घरातून एक जुना लामणदिवा असाच गेला. त्याच्या साखळीवरचे मोर मला अजून आठवतात. मोडीच्या तराजूत मोराचं वेगळं मोल होत नाही, फक्त पितळेचं होतं. त्या तराजूच्या आधी केळकर पोहोचत होते, हे त्यांचं मोठेपण मला सर्वांत जास्त वाटतं.

नुसत्या हातात मावणाऱ्या वस्तूंवर ते थांबले नाहीत. कोथरूडला मोडकळीला आलेल्या मस्तानी महालाचे भाग सोडवून आणून तो महाल त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला. १९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झालं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज वस्तू वीस हजारांवर आहेत, पण मांडलेल्या साधारण अडीच हजारच. बाकीच्या जागेअभावी बंद राहतात याची मला मनापासून खंत आहे. जी भांडी एका दुकानदारानं मोडीतून वाचवली, ती पुन्हा फळीवरच राहावीत हे बरं नव्हे.

बाहेरगावहून आलेल्या पुष्कळांना पाटी वाचून वाटतं की हा कुणा संस्थानिकाचा खजिना असावा. ‘राजा’ ही पदवी नाही. केळकरांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव राजा. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर जसं लिहितात, आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव, तसंच ते पाटीवर आहे : राजा दिनकर केळकर.