आंतरतारकीय पाहुणे आणि एक प्रश्न

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. आमच्याकडे शेतीला वीज रात्रीची असते. म्हणून वडिलांबरोबर उसाला पाणी द्यायला गेलो. मोटार चालू करून बांधावर बसल्यावर वडील म्हणाले, “परग्रहावरचं इमान सूर्याकडं निघालंय म्हणं. मोबाइलवर दाखवत हुते. खरं का रं?” मी ऐटीत सांगितले, “अफवा आहे, आबा.” त्यावर ते एवढेच म्हणाले, “कशावरनं?”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. परत आल्यावर जे वाचले, ते येथे मांडत आहे. आपल्या कॉलेजात विज्ञान शाखा नाही, त्यामुळे चुका काढणारे थोडे, हे माझे भाग्य!

गोष्ट सुरू होते १९ ऑक्टोबर २०१७ रोजी. हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना एक सरकता ठिपका आढळला. ग्रह आणि नेहमीचे धूमकेतू सूर्याभोवती बंद कक्षेत फिरतात. या ठिपक्याचा मार्ग मात्र मिटणारा नव्हता. तो एकदाच वळून कायमचा दूर जाणारा होता. सूर्यापासून फार दूर असतानाही त्याचा वेग सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर होता. याचा अर्थ, तो आपल्या सूर्याच्या घरचा नव्हता. असा पाहुणा माणसाने प्रथमच पाहिला. हवाई भाषेतून त्याला ‘ओउमुआमुआ’ हे नाव मिळाले. दुरून आलेला पहिला दूत, असा त्याचा अर्थ.

आणि हा दूत विचित्र निघाला. सात-आठ तासांत त्याचा उजेड जवळजवळ दहापट कमीजास्त होई. म्हणजे तो फार लांबट किंवा फार चपटा असावा. शेपटी नव्हती. त्यात २०१८ च्या जूनमध्ये मार्को मिकेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की सूर्याचे व ग्रहांचे ओढणे हिशेबात धरूनही थोडा वेग जास्त उरतो. कोणीतरी त्याला सूर्यापासून दूर हलकेच रेटत होते. धूमकेतूत असे घडते. बर्फाची वाफ होऊन सुटते आणि तिचा धक्का बसतो. पण येथे ना वाफ दिसली, ना धूळ.

मग हार्वर्डचे अवी लोब आणि श्मुएल बियाली यांनी गणित मांडले, की एक मिलिमीटरहूनही पातळ पत्रा असेल, तर सूर्यप्रकाशाचा दाबच एवढा रेटा देऊ शकतो. असा पत्रा निसर्गात कुठून येणार? ते परक्या संस्कृतीचे शीड असू शकेल, असे त्यांनी सुचवले.

खरे सांगतो, आरंभी मी लोब यांच्याच बाजूचा होतो. एकटा माणूस आणि समोर सारे पंडित, असे चित्र दिसले की आमच्यासारख्यांचे मन एकट्याकडे झुकते. पण पुढे वाचले, तर पंडित गप्प बसले नव्हते. कोणी म्हणाले, तो गोठलेल्या हायड्रोजनचा गोळा. त्यावर लोब व थीम होआंग यांनीच दाखवले, की असा गोळा वाटेतच विरून जाईल. कोणी म्हणाले, प्लूटोसारख्या ग्रहाचा नायट्रोजन-बर्फाचा तुकडा. तेव्हा एवढा नायट्रोजन आणायचा कुठून, असा आक्षेप आला. २०२३ मध्ये जेनिफर बर्गनर व डॅरिल सेलिगमन यांनी साधे कारण सुचवले: लांबच्या प्रवासात विश्वकिरणांनी पाण्याच्या बर्फातून हायड्रोजन मोकळा होऊन आतच अडकतो आणि सूर्याच्या उबेने बाहेर पडतो. दिसत नाही, पण धक्का देतो. मला हे अधिक पटते. तरी तेही सिद्ध झालेले नाही. पण विहिरीवरची मोटार कोणी नेली हे कळले नाही, म्हणून ती भुताने नेली असे ठरत नाही.

दुसरा पाहुणा ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियातील हौशी निरीक्षक गेनाडी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. तो सरळ धूमकेतूच होता, म्हणून त्यावर कोणी भांडले नाही.

वडिलांनी विचारलेला होता तो तिसरा, ३आय/अॅटलस. १ जुलै २०२५ रोजी चिलीतील दुर्बिणीला तो सापडला. त्याचा वेग पहिल्याच्या दुपटीहून जास्त. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीला इतका जवळचा मार्ग योगायोगाने कसा, असे विचारून लोब यांनी पुन्हा यानाची शक्यता काढली. येथे मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. ओउमुआमुआजवळ पुरावाच अपुरा होता, म्हणून प्रश्न रास्त होता. याच्याभोवती वायू व धुळीचे आवरण स्पष्ट दिसले. जेम्स वेब दुर्बिणीने त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड ओळखला. १९ नोव्हेंबरला ‘नासा’ने छायाचित्रे दाखवून तो धूमकेतूच असल्याचे सांगितले.

एवढे मी फोनवर वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आन् पयला?”

“त्याचं ठरलं नाही, आबा. सापडला तेव्हाच परत निघाला होता. दोन-अडीच महिने दिसला आणि गेला.”

“मग आसं म्हण की,” ते म्हणाले.

चिलीत व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये आपली पहिली छायाचित्रे दाखवली. असे पाहुणे ती लवकर हेरील, ही आशा आहे. हा अंक छापून हाती येईपर्यंत चौथा सापडला, तर माझा लेख शिळा होईल. मला त्याचे वाईट वाटणार नाही.