इंग्लंडच्या वॉर्डात राखीव जागा नाही. मग आपला प्रतिनिधी येतो कुठून?

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि तिथे स्मारक उभे राहिले. पण पुढे काय झाले, हे अनेकांना माहीत नाही. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर जागेचा वापर बदलण्याची परवानगी लागते आणि ती देण्याचा अधिकार तिथल्या कॅम्डेन बरो कौन्सिलला आहे. काही शेजाऱ्यांनी तक्रार केली. राहण्याची जागा कमी होते, या कारणावरून कौन्सिलने परवानगी नाकारली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी अपिलात परवानगी दिली, तेव्हा कुठे स्मारक टिकले.

जगभरच्या आंबेडकरी समाजाच्या भावनेचा प्रश्न आधी एका स्थानिक संस्थेच्या टेबलावर आला होता. म्हणूनच तिथली स्थानिक निवडणूक कशी चालते आणि त्यात प्रतिनिधित्व कसे मिळते किंवा निसटते, हे समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते. शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी तर हा अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे.

वॉर्ड कसा असतो?

उदाहरण म्हणून कॅम्डेनच्या वायव्येला असलेले हॅरो हे उपनगर घेऊ. लंडनमध्ये एकूण ३२ बरो आहेत आणि प्रत्येकाचे स्वतंत्र कौन्सिल आहे. आपल्याकडच्या महापालिकेसारखीच ही संस्था. कचरा, वाचनालये, बांधकाम परवानग्या, वृद्ध आणि अपंगांची काळजी, बेघरांची सोय, स्थानिक कर हे तिचे विषय. नगरसेवकाला पगार नसतो, मानधन असते. अनेक नगरसेवक ठरलेल्या दिवशी वाचनालयात किंवा सभागृहात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. त्या बैठकीला तिथे 'सर्जरी' म्हणतात.

२०१८ पर्यंत हॅरोमध्ये २१ वॉर्ड आणि ६३ नगरसेवक होते. नव्या प्रभागरचनेनंतर २०२२ मध्ये २२ वॉर्ड आणि ५५ नगरसेवक झाले. त्यातले ११ वॉर्ड तीन सदस्यांचे आणि ११ वॉर्ड दोन सदस्यांचे आहेत. ही रचना सरकार किंवा सत्ताधारी पक्ष करत नाही. इंग्लंडचा स्वतंत्र सीमा आयोग करतो. त्यावर कोणताही रहिवासी हरकत किंवा सूचना पाठवू शकतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग असतात. पण आपल्याकडे प्रभागातली प्रत्येक जागा वेगळी असते: अ, ब, क, ड. एखादी अनुसूचित जातीसाठी, एखादी महिलेसाठी, एखादी सर्वसाधारण. हॅरोच्या तीन सदस्यांच्या वॉर्डात तसे काही नसते. सगळ्या उमेदवारांची एकच यादी, मतदाराला तीन मते आणि सर्वाधिक मते मिळवणारे तिघे विजयी. जात, धर्म, वंश, स्त्री-पुरुष अशा कोणत्याही आधारावर एकही जागा राखीव नाही.

मतांचे गणित

समजा, एका तीन सदस्यांच्या वॉर्डात ४,००० लोकांनी मतदान केले. एका पक्षाचे १,८०० समर्थक आहेत, दुसऱ्याचे १,५०० आणि इतरांचे ७००. प्रत्येकाने आपली तिन्ही मते आपल्याच पक्षाला दिली, तर पहिल्या पक्षाचे तिन्ही उमेदवार निवडून येतात. ४५ टक्क्यांच्या हाती सगळ्या जागा आणि ५५ टक्क्यांच्या हाती शून्य. २०२२ मध्ये हॅरोत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३१ आणि लेबर पक्षाला २४ जागा मिळाल्या. इतर कोणालाही एकही जागा मिळाली नाही. शेजारच्या स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकांसाठी पसंतीक्रमाची, प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. इंग्लंडने ती घेतलेली नाही.

अशा पद्धतीत विखुरलेला छोटा समाज स्वबळावर जागा जिंकू शकत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये बौद्धांची संख्या सुमारे २ लाख ७३ हजार, म्हणजे ०.५ टक्के होती. त्यात थाई, श्रीलंकन, चिनी, इंग्रज असे सगळेच आले. आंबेडकरी बौद्ध त्यातला लहान भाग.

'भारतीय' प्रतिनिधी म्हणजे कोणाचा?

हॅरोमध्ये सुमारे ४५ टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत. हिंदूंचे प्रमाण २५.८ टक्के असून इंग्लंड-वेल्समधल्या कोणत्याही स्थानिक विभागापेक्षा ते जास्त आहे. कौन्सिलमध्ये भारतीय वंशाचे नगरसेवक दोन्ही बाजूंना दिसतात. हे चांगलेच आहे. १९३४ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन सेंट पँक्रसचे नगरसेवक झाले, तेव्हा असे नाव अपवाद होते.

पण इथे थांबून विचार करायला हवा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी एक मूलभूत मुद्दा मांडला होता. केवळ मतांचे आणि विचारांचे प्रतिनिधित्व झाले म्हणजे लोकशाही पूर्ण होत नाही. त्या समाजातली माणसेही सत्तेच्या जागी दिसली पाहिजेत. हा निकष हॅरोला लावला तर 'भारतीय' हा शब्द फार ढोबळ ठरतो. ब्रिटिश जनगणना वंश आणि धर्म विचारते, जातीचा प्रश्नच विचारत नाही. जे मोजले जात नाही, त्याची उणीवही दिसत नाही.

याचा परिणाम कायद्यात दिसतो. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला होती. २०१३ मध्ये संसदेने ती मुभा बदलून सरकारवर बंधन घातले. त्याला संघटित विरोध झाला; हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनीही ही तरतूद रद्द करण्याची मागणी उघडपणे केली. २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की स्वतंत्र तरतूद करणार नाही, न्यायालयांवर सोपवणार. त्याला आधार होता २०१४ च्या एका अपिलाचा. भारतातून नेलेल्या एका घरकामगार महिलेच्या त्या खटल्यात, जातीभेद काही प्रकरणांत 'वांशिक मूळ' या संकल्पनेत बसू शकतो, असे न्यायाधिकरणाने म्हटले. म्हणजे दार बंद नाही. पण प्रत्येक पीडिताने स्वतः ते ठोठवायचे आहे.

कायदा संसद करते, कौन्सिल नव्हे, हे खरे. पण खासदाराला मतदारसंघाचा कल सांगणारे, प्रचाराला माणसे पुरवणारे, मंदिर-विहारांच्या कार्यक्रमांना हजर राहणारे असतात ते स्थानिक नगरसेवक आणि शाखेचे कार्यकर्ते. तिथे आपला आवाज नसेल, तर 'भारतीय समाजाला असे वाटते' हे वाक्य आपल्याला न विचारताच वर जाते.

खरी निवड मतदानाच्या आधी होते

महाराष्ट्रात काम करताना आम्ही नेहमी पाहतो: जागा राखीव असते, उमेदवारही समाजाचा असतो, पण त्याला तिकीट देणारे हात दुसऱ्याचे असतात. मग निवडून आल्यावर तो बोलतो तेही त्यांचेच. पुणे करारानंतरचे आपले दुखणे हेच आहे. हॅरोत राखीव जागा नाही, पण दुखणे वेगळे नाही. पक्षाचा हक्काचा वॉर्ड असेल, तर शाखेच्या बैठकीत उमेदवारी मिळवणारा जवळजवळ निवडून आलेलाच असतो. त्या बैठकीला येणारे सभासद मोजकेच असतात. दहा-पंधरा संघटित माणसे तिथे नियमित गेली, तर त्यांचे वजन त्यांच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त पडते. मतदानाचेही तसेच. लंडनच्या स्थानिक निवडणुकीत साधारण दहापैकी सहा मतदार घरीच राहतात.

तिथे असलेल्यांनी काय करावे?

- राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून वैध परवानगीने राहणाऱ्या १८ वर्षांवरील भारतीयांना तिथे मतदानाचा हक्क आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलेले विद्यार्थीही यात आले. मतदार नोंदणी मात्र स्वतः करावी लागते.
- मे २०२३ पासून इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकीत मतदान केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट चालतो.
- उमेदवारीसाठी अनामत रक्कम नाही. मात्र भारतीय नागरिकाला उभे राहायचे असेल, तर कायम वास्तव्याची परवानगी हवी आणि त्या भागाशी राहण्याचा किंवा कामाचा संबंध हवा.
- उभे राहायचे नसले तरी नगरसेवकाच्या सर्जरीत जाता येते. तीन प्रश्न विचारा: शाळेत, नोकरीत, वृद्धसेवेत जातीभेदाची तक्रार आली तर कौन्सिल काय करते? त्याची नोंद होते का? कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण आहे का?

शेवटी एक आठवण. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. दोनच महिन्यांनी, ५ मे २०२२ रोजी हॅरोच्या मतदारांनी ठरल्या वेळी मतदान केले. पुढची तीन वर्षे उलटली तरी मुंबईकरांना नगरसेवक नव्हता. आपल्याकडे राखीव जागा होत्या, पण निवडणूकच नव्हती. तिकडे निवडणूक वेळेवर होते, पण राखीव जागा नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट कळते: प्रतिनिधित्व आपोआप मिळत नाही. उमेदवार जिथे ठरतो, मतदारयादी जिथे बनते, प्रभागाची रेषा जिथे ओढली जाते, त्या खोलीत आपला माणूस बसलेला असावा लागतो.

जय भीम.