लवणजल आणि घरचा हौद

‘लवण’ या शब्दापासून ‘लावण्य’ हा शब्द झाला, हें मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. परंतु मिठाच्या साह्यानें हौदाचें पाणी निर्मळ राखतां येतें, हें मात्र साठी उलटल्यावर नातवंडांमुळें शिकलों.

आमच्या चिरंजीवांनीं पुण्यास घराच्या आवारांत पोहण्याचा हौद बांधला आहे. लांबी ८ मीटर, रुंदी ४ व सरासरी खोली दीड. म्हणजे ४८,००० लिटर पाणी. त्यांत रोज क्लोरीनची पूड टाकण्याचें काम कधीं होई, कधीं राही. त्यामुळें पाणी एक दिवस हिरवट, तर दुसऱ्या दिवशीं उग्र. अखेर मिठापासून क्लोरीन करणारें यंत्र बसवावयाचें ठरलें. “म्हणजे आतां क्लोरीन नको ना, नाना?” असें सूनबाईंनीं विचारिलें. हा समज पुष्कळांचा असतो, पण तो खरा नव्हे. क्लोरीन असतोच, तो डब्यांतून न येतां नळांतच उत्पन्न होतो, इतकेंच.

यंत्राच्या पात्रांत टायटेनियमचे पत्रे असून त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला कीं धन पत्र्यावर मिठांतील क्लोरीन सुटतो व ऋण पत्र्यावर पाण्यांतील हायड्रोजन. क्लोरीन पाण्यांत विरून जंतूंचा नाश करितो आणि कार्य झाल्यावर क्लोराइडरूपानें स्वस्थानीं परततो. म्हणून मीठ सहसा सरत नाहीं. उडालेल्या वा सोडून दिलेल्या पाण्याबरोबर जाईल तेवढेंच पुनः घालावें लागतें.

मिठाचें प्रमाण बहुधा लिटरास ३ ते ४ ग्रॅम. समुद्राचें सुमारें ३५. साडेतीन ग्रॅमांच्या हिशेबानें आमच्या हौदास १६८ किलो मीठ लागावें. पण बोअरच्या पाण्यांत मूळचेंही कांहीं असतें. तें मोजून वजा करावें. मीठ शुद्ध घ्यावें, आणि यंत्र बंद ठेवून केवळ पंपानें पाणी फिरवीत एक दिवस विरघळूं द्यावें.

नळांत क्रम असा : पंप, गाळणी, पाणी तापविण्याचा हीटर असल्यास तो, आणि सर्वांच्या शेवटीं पात्र; म्हणजे तीव्र क्लोरीनयुक्त पाणी हीटरच्या धातूस खात नाहीं.

यापुढें जें घडलें तें सांगण्यासाठींच हा लेख. पाणी थांबलें असतां पात्र चालू राहिलें, तर हायड्रोजन आंत कोंडतो. आणि तो स्फोटक आहे. म्हणून प्रवाह थांबतांच वीज तोडणारी एक कळ नळांत असते. कारागिरानें ती बाणाच्या उलट दिशेनें बसविली. अर्थात् यंत्र सुरूच होईना. तेव्हां त्यानें कळीच्या दोन्ही तारा परस्परांस जोडून टाकिल्या! दिवा लागला, घरांत पेढे वांटले गेले. सायंकाळीं मीं सहज पंप बंद केला, तों दिवा तसाच! पारदर्शक पात्राच्या माथ्याशीं वायु सांचूं लागलेला, आणि धाकटा नातू नाक लावून ती मौज पाहत उभा. मीं आधीं त्याला मागें ओढलें, मग मुख्य बटण बंद केलें. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं जाणत्या वायरमनकडून कळ सुलट बसवून घेतली, यंत्राची वीज पंपाच्याच बटणामागें घेतली, आणि अर्थिंग व गळती होतांच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ तपासून घेतली.

आतां दर आठवड्यास मी पाणी तपासतों. क्लोरीन लिटरास १ ते ३ मिलिग्रॅम असावा. पीएच ७.२ ते ७.८ च्या आंत असावा; या यंत्रानें तो वर चढतो, म्हणून मधूनमधून आम्ल घालावें लागतें. पत्र्यांवर चुन्याचा थर धरल्यास सौम्य आम्लानें धुवावे; मात्र पाण्यांत आम्ल ओतावें, आम्लांत पाणी कदापि नव्हे. गाळणी धुतलेलें खारें पाणी तुळशीस किंवा बागेस घालूं नये.

गृहस्थांस एवढेंच सुचवावयाचें कीं, यंत्र चालूं लागलें म्हणजे कारागिराचे पैसे चुकते करूं नयेत. पंप बंद करून पाहावा. यंत्र त्याबरोबर थांबलें, तरच द्यावेत.