ऋतुनिवृत्ती आणि वनौषधी

१९४० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांवर एक विचित्र संकट ओढवले. हिरव्यागार कुरणांत पोटभर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. ज्या राहिल्या त्यांपैकी अनेक विताना अडू लागल्या, तर कधीही न व्यालेल्या मेंढ्यांच्या कासेत दूध दिसू लागले. १९४६ साली एच. डब्ल्यू. बेनेट्स व त्यांचे सहकारी यांनी ह्या विकाराचा संबंध कुरणांतील क्लोव्हर नावाच्या तिनपानी चाऱ्याशी आहे, असे दाखवून दिले. ह्या चाऱ्यात आयसोफ्लेवोन वर्गातील द्रव्ये असतात आणि ती मेंढीच्या शरीरात इस्ट्रोजेन ह्या स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करतात, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले.

वनस्पतीच्या अंगी असे सामर्थ्य असू शकते, ही गोष्ट ऋतुनिवृत्तीच्या काळात वनौषधींकडे वळणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. भारतीय स्त्रियांत ऋतुनिवृत्ती सामान्यतः वयाच्या ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी होते. एकाएकी अंग तापून घाम फुटतो, झोप लागत नाही, मन अस्वस्थ राहते. त्यावर बाहेरून इस्ट्रोजेन देणे हा प्रभावी उपाय आहे. परंतु स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला तो सहसा देता येत नाही.

ह्याचे कारण कर्करोगाच्या पेशींत सापडते. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रोगांत पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात. ग्राहक हे कुलूप मानले, तर इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली होय. किल्ली फिरली की पेशींना वाढीची आज्ञा मिळते. स्वीडनमधील एका प्रयोगात स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ३४५ स्त्रियांची पाहणी करण्यात आली. संप्रेरके घेणाऱ्यांपैकी २६ जणींत, तर न घेणाऱ्यांपैकी केवळ ७ जणींत कर्करोग पुन्हा आढळला. म्हणून २००३ च्या अखेरीस तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनातील हेच कुलूप अडवून धरते. परंतु त्यामुळे अंगातील उष्णतेच्या लाटा अधिकच वाढतात. आनुवंशिक धोक्यामुळे ज्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागतात, त्यांची ऋतुनिवृत्ती तर एका दिवसात घडून येते. अशा रीतीने जिला आरामाची सर्वांत अधिक गरज, तिलाच इस्ट्रोजेन वर्ज्य, अशी स्थिती निर्माण होते. मग “वनस्पतीचेच तर आहे, अपाय कसला?” ह्या विश्वासाने ती दुकानातील बाटलीकडे वळते.

ह्या बाटल्यांतील द्रव्यांची परीक्षा निरनिराळी करावी लागते. तांबड्या क्लोव्हरचा अर्क आणि सोयाबीनचा अर्क ह्या दोहोंतही आयसोफ्लेवोन असतात. मानवी कर्करोगाच्या पेशी रोपलेल्या उंदरांना सोयाबीनमधील जेनिस्टीन हे द्रव्य दिले असता गाठी वाढल्या, एवढेच नव्हे तर टॅमॉक्सिफेनचा परिणामही मंदावला. उलटपक्षी, शांघाय येथे ह्या रोगातून गेलेल्या ५,०४२ स्त्रियांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तीत आहारात सोयाबीन अधिक घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. ह्या दोन निष्कर्षांत दिसणाऱ्या विरोधाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. उंदराचे शरीर माणसाचे नव्हे, आणि जेवणातील सोयाबीन म्हणजे त्याचा आटवून काढलेला अर्क नव्हे. अन्न म्हणून सोयाबीन खाण्यास भिण्याचे कारण दिसत नाही. परंतु ती ग्वाही गोळीतील दाट अर्काला लागू करता येत नाही.

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत उगवणारी ब्लॅक कोहोश ही दुसरी प्रसिद्ध वनस्पती. तिची मुळी तेथील आदिवासी फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. तिचे कार्य इस्ट्रोजेनसारखे असावे, असा पूर्वी समज होता. पुढील संशोधनाने त्याला फारसा आधार दिला नाही. परंतु तिचा उपयोगही निश्चित नाही. अमेरिकेत ३५१ स्त्रियांवर एक वर्ष चाललेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही मुळी आणि औषधविरहित गोळी ह्यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. ती घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याची वृत्ते आल्यामुळे ऑस्ट्रेलियाने तिच्या वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक ठरविले आहे.

वनौषधीचा अपाय इस्ट्रोजेनच्या मार्गानेच होतो असे नाही. टॅमॉक्सिफेनचे यकृतात एंडॉक्सिफेन ह्या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. २०१९ साली नेदरलंड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांना हळदीतील कर्क्युमिन मोठ्या मात्रेत देण्यात आले, तेव्हा रक्तातील एंडॉक्सिफेनचे प्रमाण घटले. सोबत मिरीतील पायपरीन दिले असता ते आणखी घटले. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीची ही गोष्ट नव्हे. परंतु स्वयंपाकघरातील ओळखीचा पदार्थही गोळीच्या रूपात आला म्हणजे औषधाच्या कामात हात घालू शकतो, हे त्यावरून दिसते. खिन्नतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर यकृतातील विकरांना चालना देऊन कित्येक औषधांचा प्रभाव कमी करते.

ह्याचा अर्थ अशा स्त्रीने निमूटपणे त्रास सोसावा, असा मुळीच नाही. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी संप्रेरकविरहित औषधे वैद्यकीय सल्ल्याने घेता येतात. २०१२ साली इंग्लंडमध्ये स्तनाच्या कर्करोगावरील उपचार घेतलेल्या ९६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. विचार व सवयी ह्यांना वळण देणाऱ्या मानसोपचाराने उष्णतेच्या लाटांचा जाच कमी होतो, असे त्यात दिसून आले.

वनौषधी घेणाऱ्या अनेक स्त्रिया ती गोष्ट डॉक्टरांना सांगत नाहीत. काहींना ते औषधच वाटत नाही, तर काहींना डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. ज्यांच्या कुटुंबात हा रोग आहे किंवा ज्या स्वतः त्यातून गेल्या आहेत, त्यांनी कोणताही अर्क, काढा वा गोळी सुरू करण्यापूर्वी ती बाटली, तिच्यावरील संपूर्ण मजकुरासह, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावी. अगोदरच सुरू केली असल्यास तेही मोकळेपणाने सांगावे, आणि टॅमॉक्सिफेनसारखे चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.